मुठीआड गेलेला तारा

काबोचं काम गुरांच्या पुढं चालायचं. गुरं आज जिथं चरताहेत तिथून चार-पाच दिवसांची वाट तो एकटा तुडवायचा, गवताची काडी दातांत धरून बघायचा, पाण्याकाठची माती हुंगायचा आणि मागं येऊन सांगायचा, या वाटेनं चला किंवा चालू नका. सहा बिऱ्हाडं आणि दोनशेच्या वर गुरं त्याच्या एका शब्दावर उठायची आणि बसायची. दाकोरोच्या विहिरींपासून खाली ज्वारी पिकवणाऱ्या गावांपर्यंत फुलानी गुराख्यांत त्याचं नाव ठाऊक होतं. उंच, वाळक्या काटकीसारखा माणूस. काठी मांडीवर आडवी टाकून बसला की करकोचा बसल्यासारखा दिसायचा. त्याचा धाकटा भाऊ दोरो त्याला तसं तोंडावर म्हणायचा, आणि काबो रागावायचा नाही.

पण त्याची खरी विद्या गवतात नव्हती, मुठीत होती. ती त्याला बापानं शिकवली होती. अंधार पडला की उत्तरेकडं तोंड करून उभं राहायचं. उजवा हात ताठ पुढं धरायचा, मूठ वळायची, आणि आभाळ जमिनीला टेकतं त्या रेघेवर मुठीची खालची कड ठेवायची. उत्तरेचा तो न हलणारा तारा त्या रेघेपासून किती मुठी वर आहे ते बघायचं. घरच्या विहिरीवर तारा दीड मूठ वर असायचा. पावसाळा संपवून गुरं दक्षिणेला निघाली की तो दर मुक्कामाला कणाकणानं खाली यायचा, आणि महिनाभराच्या चालीनंतर बरोबर मुठीच्या वरच्या कडेला येऊन टेकायचा. "तिथं थांबायचं," बाप म्हणाला होता. "तारा मुठीआड गेला की गाय गेली."

का ते बापानं सांगितलं नव्हतं. काबोनं ते पुढं स्वतःच पाहिलं. त्या रेघेच्या खाली झाडं एकमेकांच्या अंगाला अंग लावून उभी राहतात, नदीवर दिवसासुद्धा सावली असते, आणि त्या सावलीत माशी राहते. साधीच दिसते, राखाडी, पंख कातरीच्या पात्यांसारखे एकावर एक मिटून बसणारी. ती चावली की गाय लगेच पडत नाही. डोळे पाणावतात, अंगावरचे केस उभे राहतात, पोटभर खाऊनही गाय झडत जाते, गाभण असली तर गाभडते, आणि दोन-अडीच महिन्यांत बरगड्यांचा सापळा होऊन बसते ती उठतच नाही. वर पावणेदोन मुठींच्या पलीकडं नुसती वाळू, खाली एका मुठीच्या आत माशी. अल्लानं आपल्याला राहायला पाऊण मूठ जागा दिली आणि वर म्हणाला, फिरा आता मोकळे, असं काबो म्हणायचा. हसणारे हसायचे. तो स्वतः हसायचा नाही.

काबोला बायको एकच, मोवा. मुली दोन, त्या उत्तरेतच सासरी नांदत होत्या. आणि थोरला मुलगा. त्याला नाव होतं, चांगलं होतं, पण ते या गोष्टीत एवढ्यात यायचं नाही, कारण काबोच्या आणि मोवाच्या तोंडी ते कधी आलंच नाही. आमच्यात पहिल्या लेकराचं नाव आईबापानं घ्यायचं नसतं. त्याच्याशी समोरासमोर बोलायचं नाही, त्याच्याकडं टक लावून बघायचं नाही, ते ठेचकाळून पडलं तर उचलायला धावायचं नाही. पोरानंही बापाच्या पुढ्यात तोंड उघडायचं नाही. याला आमच्यात लाज म्हणतात, आणि लाज नसलेल्याला माणूस म्हणत नाहीत. थोरल्याला आजीनं वाढवला. आजी गेल्यावर बापलेकांतला सगळा व्यवहार दोरोच्या मार्फत चालायचा. सकाळी काबो भावाला म्हणायचा, कुणीतरी काळ्या शिंगाच्या गाईच्या खुरातला काटा काढला तर बरं होईल. संध्याकाळी काटा निघालेला असायचा. मोवा दावणीच्या वासरांशी एका दिवसात जेवढं बोलायची तेवढं बावीस वर्षांत त्या पोराशी बोलली नव्हती. पण त्याच्या वाटणीच्या दुधावरची साय कधी कुणी दुसऱ्यानं खाल्ली नाही.

त्या साली उत्तरेला पाऊस झालाच नाही. ढग आले, धूळ उडवून गेले. विहिरी इतक्या खाली गेल्या की पोहरा वर यायच्या आत बैलाला धाप लागायची. पावसाळा सरायच्या आतच लोक खाली निघाले, आणि थंडीच्या तोंडाशी काबोची बिऱ्हाडं मुठीच्या रेघेवर पोचली तेव्हा तिथं त्यांच्या आधी आलेल्या शंभर कळपांनी जमीन चाटून ठेवली होती. गवत नव्हतं. गवताची मुळंही नव्हती. झाडांच्या फांद्या तोडून गुरांना घालायच्या, तर त्या फांद्यांवरून काठ्या चालायच्या. आठ दिवसांत सतरा गुरं मेली. मोवानं दूध काढायचा तुंबा धुऊन उपडा ठेवला, तो उपडाच राहिला.

मग सगळे काबोकडं बघायला लागले. सरळ कुणी म्हणालं नाही. दोरो तेवढा म्हणाला, "दादा, हितं बसून मरायचं का खाली जाऊन मरायचं, येवढंच इचारतोय मी. करकोचा बी पाणी आटलं की उडतो."

काबोनं रात्रभर विचार केला असं लोक सांगतात, पण त्यानं विचार केला नाही. तो दुसऱ्या दिवशी उठून चालायला लागला. वीस पावलं मागं ठेवून थोरला निघाला, बापानं न सांगताच.

सात दिवस ते तसे चालले, एकामागं एक, न बोलता. तारा मुठीआड गेला. पहिल्या दिवशी नुसता कडेला दडला, सातव्या दिवशी पेराएवढा आत गेला. पण डोळ्यांना गवत दिसत होतं. कमरेएवढं, पिवळं, कुणी तोंड न लावलेलं. एका लांबट टेकाडाच्या पायथ्याला नदी होती, नदीवर गर्द झाडी, आणि टेकाडाच्या माथ्यावर मोकळं माळरान, वारा खेळणारं.

माशी आहे की नाही हे बघायची काबोची एक रीत होती. माशीला गडद रंग आवडतो, तिला त्यात गाय दिसत असावी. काबोकडं निळीत बुडवून कुटून काळंशार चकचकीत केलेलं पांघरूण होतं. ते तो पाठीवर घ्यायचा आणि सूर्य वर येताना नदीच्या झाडीतून संथ चालत जायचा. मागून थोरला बघत यायचा. दोघांत बोलणं नाही, म्हणून थोरल्यानं एक सोपी युक्ती काढली होती. पाठीवर जितक्या माश्या बसतील तितके खडे तो वाटेवर ठेवायचा. बाप परत फिरला की खडे वाचायचा.

तीन दिवस ते चालले. थंडीचे दिवस होते, उत्तरेचा धुळकट वारा इथवर येत होता, सकाळी तोंडातून वाफ निघायची. पहिल्या दिवशी वाटेवर एक खडा होता. दुसऱ्या दिवशी एकही नाही. तिसऱ्या दिवशी दोन. आपल्या रेघेवरसुद्धा एखाद्या साली इतक्या असायच्या. काबोनं हिशेब बांधला. गुरं राहतील माथ्यावर. पाण्यावर उतरवायची फक्त पहाटेच्या गारठ्यात, आणि उन्हं चढायच्या आत परत वर. पाऊस यायला पाच चंद्र आहेत. चार चंद्रांनी उठायचं, पावसाच्या आत मुठीवर परत.

पाच चंद्र हा घरच्या विहिरीवरचा हिशेब होता. त्याला दुसरा ठाऊक नव्हता.

टेकाडाखाली ग्बाग्यी शेतकऱ्यांची वस्ती होती. त्यांच्या बायका ओझं डोक्यावर घेत नाहीत, खांद्यावर घेतात. ते बघून दोरो पहिले आठ दिवस हसत होता, या बायांच्या माना मोडतात का खांदे, म्हणून. वस्तीतला शेक्वोलो नावाचा बुटका, रुंद छातीचा माणूस वर आला आणि मोडक्यातोडक्या हौसा या बाजारबोलीत त्यानं ठराव केला. गुरं रात्री माथ्यावरच्या माझ्या शेतात बसवा, शेणखत पडू द्या. ज्वारीची ताटं तुमची, दोन टोपल्या दाणे तुमचे. शेक्वोलोच्या स्वतःच्या नऊ गाई होत्या. काळ्या, आखूड पायांच्या, वशिंड नसलेल्या, आमच्या वासराएवढ्या. दोरोनं एकीच्या भोवती चक्कर मारली आणि विचारलं, "ही गाय हाय, का बकरीला गाईनं नजर लावली?"

शेक्वोलो म्हणाला, "दूध देत नाही फारसं. पण मरत नाही."

दोरोला तेही हसण्यासारखं वाटलं. आमची गाय म्हणजे तांबडी, उंच, दोन हात लांब शिंगांची. तिच्यापुढं त्या काळ्या गाई म्हणजे मांडवात शिरलेली कोंबडीच.

अडीच महिने बरे गेले. गुरांच्या पाठी भरल्या. मोवानं तुंबा सरळ केला. दोरोच्या अकरा गाई गाभण राहिलेल्या आता दिसायला लागल्या होत्या, चार व्यायल्या होत्या, आणि तो प्रत्येक वासराला उचलून बघत होता, जणू वजनावर विकायची आहेत. काबो मात्र संध्याकाळी मूठ धरायचा. उत्तरेला धुरळा असायचा आणि तारा तसाही मुठीआड होता, तरी धरायचा.

थोरला शेक्वोलोकडं जायला लागला होता. तिथं त्याला बोलता यायचं. एक दिवस त्यानं पाहिलं की शेक्वोलो आणि त्याचे भाऊ कंद लावायला मातीचे गुडघाभर उंचीचे ढीग करताहेत, झपाट्यानं, जेवायलाही न थांबता. त्यानं विचारलं, एवढी घाई कशाची?

"पाऊस येईल ना," शेक्वोलो म्हणाला.

थोरला म्हणाला, पावसाला अजून दोन-अडीच चंद्र आहेत. शेक्वोलोनं कुदळ टेकवली आणि त्याच्याकडं बघितलं. "तुमच्याकडं असतील. इथं पाऊस तुमच्या दोन चंद्र आधी येतो. तो खालून चढत वर जातो, आधी आम्हाला भिजवतो, मग तुम्हाला, उरला तर. आणि एक ऐक. पाऊस पडला की माशी नदी सोडते. गवतातून चालत वर येते, टेकाडावर, घरांत. तुझ्या बापाला सांग, या चंद्रात निघा. पुढचा बघू नका."

पावसातली माशी आमच्यात कुणी पाहिलेलीच नव्हती. पाऊस लागला की आमची तोंडं उत्तरेकडं वळलेली असायची.

थोरला धावत वर आला. बाप चुलीपाशी काठीला तेल लावत बसला होता. दहा पावलांवर. थोरला त्याच्याजवळ गेला नाही. तो दोरोला गुरांमागं शोधत गेला आणि त्याला सगळं सांगितलं, पाऊस, माशी, या चंद्रात निघायचं, सगळं. काकाला दोनदा सांगितलं.

दोरोनं ऐकून घेतलं. मग तो आपल्या गाभण गाईंकडं बघत उभा राहिला. त्या महिनाभर चालल्या तर काय होईल हे त्याला कुणी सांगायला नको होतं. आणि चालून जायचं कुठं, तर जिथं मुळंसुद्धा उरली नव्हती तिथं.

संध्याकाळी तो काबोपाशी येऊन बसला. इकडचं तिकडचं बोलला. थोरला त्यांच्या मागं, पाठ करून, दावं वळत बसला होता. रीतीप्रमाणं बाप दिसू नये, पण ऐकू यावं इतक्या अंतरावर.

"शेक्वोलोनं सांगितलंय पोराला," दोरो म्हणाला. "हितं पाऊस लौकर येतो. आपल्यापरीस दोन चंद्र आधी."

काबोची काठी थांबली. "दोन चंद्र?"

"व्हय."

"मग?"

"मग काय. गवत बी दोन चंद्र आधी."

काबोनं मागं वळून बघितलं नाही, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला दिसलं की पोराचे दावं वळणारे हात थांबले आहेत. त्याला वाटलं, पोराला आनंद झाला असेल. वासरांवर जीव होता त्याचा.

थोरल्याला तीनच शब्द बोलायचे होते. आनि माशीचं काय, एवढंच. त्यानं तोंड उघडलं नाही. काकाच्या पाठीकडं तो बघत राहिला, काका वळून बाकीचं सांगेल म्हणून. दोरोनं पाय लांब केले आणि तो काबोला एका हौसा न्हाव्याची गोष्ट सांगायला लागला. मग दावं पुन्हा फिरायला लागलं.

पाऊस शेक्वोलोनं सांगितला तेव्हा आला. दुपारी, दगडासारखा. सहा बिऱ्हाडांतल्या बायका तुंबे घेऊन बाहेर आल्या, आणि मोवा, जी वर्षभरात हसली नव्हती, ती तुंब्यात पडणाऱ्या पाण्याकडं बघून हसली. दोरो वासरांबरोबर नाचला. त्यानं काबोला हाताला धरून ओढलं तेव्हा काबोही दोन पावलं नाचला, करकोच्यासारखी. थोरला एकटा गुरांच्या मागं जाऊन उभा होता.

नवव्या दिवशी सकाळी दूध काढताना मोवाच्या दंडाला काहीतरी चावलं. तिनं चापट मारली, तळहात उघडला, आणि तो तसाच नवऱ्यापुढं धरला. पंख कातरीसारखे मिटलेले होते. काबोनं वर बघितलं तेव्हा काळ्या शिंगाच्या गाईच्या पोटाखाली त्याला आणखी सहा दिसल्या.

त्यानं त्याच दिवशी तळ उठवला.

पण गाईंच्या रक्तात जे शिरायचं ते शिरलं होतं. काही आधीच शिरलं असणार, पहाटेच्या पाण्यावर, कारण इतक्या लवकर कुठली गाय पडत नाही. चौथ्या मुक्कामाला पहिली बसली. दोरोची एक गाय वाटेत गाभडली, मग एका दिवसात तीन. वासरं न चाटता गाई पुढं निघाल्या, आणि दोरो मागं राहून त्या गोळ्यांवर माती ओढत होता. गुरांचे केस उभे, डोळ्यांतून पाणी, गळ्याखाली गाठी. एरवी काबोच्या हाकेला दोनशे मुंड्या वर व्हायच्या, आता वीस-पंचवीस व्हायच्या. वाटेवरच्या गावांतले लोक सुऱ्या आणि टोपल्या घेऊन मागं मागं चालत होते. ते वाईट नव्हते. पडलेल्या गाईपाशी येऊन आधी विचारायचे. आमची माणसं तोंड फिरवायची, तोच होकार.

नवव्या मुक्कामावर बाकीची पाच बिऱ्हाडं उरलेली गुरं हाकत पुढं निघाली. काबोला त्यांनी विचारलं नाही, वाट कुठली. पहिल्यांदाच.

शेक्वोलो तिथवर आला. दोन दिवस चालून आला होता, खांद्यावर दाण्यांची टोपली. काबो एका वारुळाला टेकून बसला होता. गुडघे सुजले होते, अंगात ताप होता. शेक्वोलोनं टोपली उतरवली, आजूबाजूला बघितलं, घारींकडं बघितलं.

मग म्हणाला, "मी तुझ्या पोराला सांगितलं होतं. पाऊस पडला की माशी वर येते, आधी निघा. त्यानं सांगितलं नाही तुला?"

काबो म्हणाला, "पाऊस येतो म्हनून सांगितलं."

"आणि माशी?"

काबोनं दोरोला हाक मारली. दोरो आला, समोर बसला, आणि भावाचं तोंड बघताच त्याला कळलं.

"निम्मं सांगितलंस," काबो म्हणाला.

"माझ्या अकरा गाभण व्हत्या, दादा."

"निम्मं सांगितलंस."

दोरो जमीन उकरत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "तुझा पोरगा मागंच बसला व्हता. त्याला तोंड न्हवतं? त्यानं का न्हाई सांगितलं?"

काबोनं मान फिरवली. का नाही सांगितलं हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पोराला चांगलं वळण होतं म्हणून. आणि ते वळण काबोनंच लावलं होतं, बावीस वर्षं, एक दिवसही न चुकता.

दोरो त्यानंतर शहराकडं गेला. कुणी म्हणतात कापडाच्या एका वखारीवर पहारा करतो, कुणी म्हणतात वारला. त्याची एकही गाय उरली नाही. काबोच्या तीन उरल्या. एका सकाळी त्या तिन्ही जागेवर नव्हत्या, आणि काबो जिथं टेकून बसायचा त्या वारुळापाशी तीन खडे ओळीनं ठेवलेले होते. थोरला त्या गाई घेऊन उत्तरेला गेला होता. मोवा खड्यांपाशी जाऊन उभी राहिली. तिनं ते उचलले नाहीत, पायानंही हलवले नाहीत.

काबोला शेक्वोलोनं आणि त्याच्या भावांनी डोलीत घालून खाली नेलं. परत उत्तरेला जायचं तर पाय नव्हते, आणि पाय असते तरी ज्याच्या शब्दावर दोनशे गुरं मेली त्याच्या मागं कोण चाललं असतं? शेक्वोलोच्या नऊ गाई होत्या, त्याला गुराखी हवा होता. काबोनं पहिले काही दिवस त्या काळ्या गाईंकडं नीट बघितलंही नाही. त्यांना नावं नव्हती. ग्बाग्यी लोक गाईंना नावं ठेवत नाहीत. मग हळूहळू त्यानंच ठेवली.

तीन वर्षं झाली. तिथं झाडं इतकी दाट की उत्तरेचा तारा दिसतच नाही, मूठ धरून उपयोग नाही. काबो माशी बघत राहिला. दुसरं काय होतं बघायला? ती कधी उडते, कशावर बसते, गारठ्यात कुठं जाते. थंडीच्या सकाळी त्यानं एक पान उलटं केलं आणि त्याखाली त्या बसलेल्या होत्या, चार, ओळीनं, झोपल्यासारख्या. उन्हं तापल्यावर तेच काळं पांघरूण, आता भोकं पडलेलं, पाठीवर घेऊन तो त्याच नदीच्या झाडीतून चालला. मागं खडे ठेवायला कुणी नव्हतं. पण मोजायची गरजच पडली नाही. पांघरूण माश्यांनी जड झाल्यासारखं वाटत होतं. तो काठावर बसला तो दुपार कलेपर्यंत उठला नाही. दोरोनं निम्मं सांगितलं होतं. त्याच्या आधी काबोनं स्वतःच निम्मं बघितलं होतं.

चघळायच्या कोलाच्या बिया विकणारा तानिमू नावाचा हौसा दर थंडीत त्या वस्तीत यायचा आणि तिथून माल भरून पार दाकोरोपर्यंत जायचा. तिसऱ्या साली तो आला आणि मोवानं दिलेलं ताक पिता पिता म्हणाला, वरच्या बाजारात तुमच्यातला एक तरणा पोरगा भेटला. तीन गाई घेऊन आला होता म्हणतात. भाऊबंदांनी रीतीप्रमाणं एक-एक कालवड वापरायला दिली, आता आठ आहेत. चार बिऱ्हाडं त्याच्या मागं चालतात. वर औंदाही पाऊस नाही. तो खालच्या नद्यांची चौकशी करत होता, कुठवर गवत आहे म्हणून. काळं पांघरूण आहे त्याच्याकडं, बापाची रीत ठाऊक आहे म्हणतो, सकाळी नदीच्या झाडीतून चालून बघेन आणि ठरवेन.

ताक घुसळणारे मोवाचे हात थांबले.

काबोनं विचारलं, तू वर कधी निघणार? उद्या, तानिमू म्हणाला, काही निरोप असला तर सांग.

"सांगतो. नीट ऐक. सकाळचं कापड खोटं. थंडीत माशी पानाखाली बसती, ती नसती असं न्हाई. कापड दुपारी पांघरायचं, उन्हं तापल्यावर. दुपारी एक जरी बसली तरी माघारी फिरायचं. आन मुठीच्या खाली यायचंच न्हाई, गवत किती बी दिसलं तरी."

"बरं. कुणाला सांगू? तुमच्यातले सगळे सारखेच दिसतात मला. नाव सांग."

काबोनं मोवाकडं बघितलं. मोवानं पदर तोंडावर ओढून घेतला, पण ती उठून गेली नाही. शेक्वोलोची एक गाय कुंपणाला अंग घासत होती. मग काबो म्हणाला, "गोर्जो."

तानिमूला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यानं भांडं खाली ठेवलं, तोंड पुसलं. "गोर्जो. ठीक. सांगतो त्याला, माशी असते, कापड पांघरून बघ, मुठीच्या खाली येऊ नको."

"दुपारी," काबो म्हणाला. "दुपारी कापड. सकाळचं खोटं."

"तेच ते."

"तेच न्हाई." काबोनं हात पुढं करून त्याचं मनगट धरलं. "पयल्यापासनं. नावापासनं. पुन्हा म्हन."